वीस एकरांतली पर्यावरणपूरक वसाहत: जमिनीखाली काय घालायचं ते आधी ठरवूया

केगाव_देगाव

सोलापूरच्या पश्चिमेला २० एकर जमीन घेऊन सहकारी तत्त्वावर वसाहत करायचं आम्ही काही कुटुंबांनी ठरवलं आहे. शिक्षक, बँकेतले लोक, यंत्रमागवाले, बरेचसे निवृत्त. साधारण ४०० घरं, तळमजला अधिक दोन मजले. पहिल्या बैठकीत वास्तुविशारदांनी चित्रं दाखवली. गच्चीवर सौर पॅनेल, भिंतींवर वेली, विजेच्या गाड्यांसाठी चार्जर, मधोमध कारंजं. चित्रं देखणी होती. पण पाणी कुठून येणार, सांडपाणी कुठे जाणार आणि पावसाचं पाणी कोणत्या बाजूने वाहतं, यावर एकही पान नव्हतं.

माझं म्हणणं असं आहे. पॅनेल पाच वर्षांनीही बसवता येतात. रस्त्याखाली मात्र एकच पाइप गेला, की दुसरा घालायला सगळा रस्ता उकरावा लागतो. घराचं तोंड कोणत्या दिशेला, ओढ्याला जागा किती, झाडाच्या मुळांना माती किती, हे एकदाच ठरतं. म्हणून पहिला पैसा आणि पहिला वेळ याला द्यावा. पुढच्या बैठकीत हे सगळ्यांना पटवायचं आहे, त्यासाठी हा धागा.

जागेबद्दल थोडं: वरच्या बाजूला मुरमाड माळ, खालच्या निम्म्या भागात काळी माती, आणि कोपऱ्यातून एक ओढा जातो, पावसाळ्यातच वाहणारा. विरोधातलं मतही मोकळेपणाने लिहा.

ड्रेनेजवाला

पाणीपुरवठा आणि जलनिस्सारण यांतच नोकरी गेली माझी, त्यामुळे सरळ आकड्यांवर येतो.

४०० घरं, घरटी चार माणसं, म्हणजे १६०० माणसं. माणशी रोज १३५ लिटर हा आपल्याकडचा नियोजनाचा मापदंड. रोजचे झाले २ लाख १६ हजार लिटर. वर्षाचे जवळपास ७ कोटी ८८ लाख लिटर.

आता वरून पडणारं पाणी. सोलापूर जिल्ह्याचा सरासरी पाऊस ५५० मिलिमीटरच्या आसपास. २० एकर म्हणजे सुमारे ८१ हजार चौरस मीटर. त्यावर वर्षभरात पडणारा प्रत्येक थेंब धरला तरी साडेचार कोटी लिटरच्या आत. म्हणजे तुमच्या जमिनीवर पडणारा सगळा पाऊस अडवला, एक थेंबही उडू दिला नाही, तरी गरज अर्ध्यापेक्षा थोडी जास्त भागते. प्रत्यक्षात त्याच्या निम्मं हाती लागलं तरी मी खूश होईन. कारण आपला बराचसा पाऊस सप्टेंबरमध्ये दोन-चार मोठ्या सरींत येतो आणि तासाभरात वाहून जातो.

तेव्हा वसाहत 'पाण्यात स्वयंपूर्ण' होईल असं माहितीपत्रकात कोणी छापायला लागलं तर आधी थांबवा. उजनीवर अवलंबून राहावंच लागणार. ते धरण शहरापासून शंभराहून अधिक किलोमीटरवर आहे, आणि शहरात गेली अनेक वर्षं काही दिवसांआड पाणी येत आलं आहे हे सगळ्यांना माहीत आहे.

मात्र त्या १३५ लिटरमधले ४५ लिटर निव्वळ शौचालयाच्या फ्लशसाठी धरलेले असतात. उजनीहून उपसून, शुद्ध करून आणलेलं पाणी आपण संडासात ओततो. तिथे प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरलं तर रोजचे ७२ हजार लिटर वाचतात. त्यासाठी लागतो प्रत्येक घरापर्यंत दुसरा पाइप आणि गच्चीवर दुसरी टाकी. घर बांधताना हा खर्च अंगावर येत नाही. राहायला गेल्यावर न्हाणीघराच्या फरशा फोडून तो पाइप कोणी घालणार नाही. तुमच्या यादीत मी हा पहिला ठेवीन.

जुळे_सोलापूर

ड्रेनेजवाले काका, कागदावर लै चांगलंय. पण आमच्या सोसायटीत हेच सगळं होतं बघा. बिल्डरनं सांडपाण्याचं यंत्र बसवून दिलं, फोटो काढले, दुसरा पाइपही घातला. वर्ष-दीड वर्ष चाललं. मग ब्लोअर (सांडपाण्यात हवा फुंकणारं यंत्र) जळाला. दुरुस्तीला माणूस पुण्याहून यायचा. विजेचं बिल बघून सभेत भांडणं झाली. बंद पडलं ते पडलंच. आता दुसऱ्या पाइपात टँकरचं पाणी सोडतोय आणि सांडपाणी मागच्या नाल्यात जातंय. उन्हाळ्यात खालच्या मजल्यावरचे लोक खिडक्या उघडत नाहीत.

मला विरोध करायचा नाही. यंत्र चालवणार कोण, हे आधी ठरवा एवढंच.

ड्रेनेजवाला

जुळे सोलापूरकरांनी नेमकं दुखणं सांगितलं. सांडपाण्यात हवा फुंकणारी यंत्रणा जागा कमी घेते, पण वीज आणि माणूस चोवीस तास मागते. पुण्या-मुंबईत जमीन सोन्याच्या भावाची, म्हणून तिथे तेच परवडतं. यांच्याकडे २० एकर आहेत. यांनी जागा जास्त घेणारी आणि वीज जवळपास न लागणारी पद्धत घ्यावी.

आधी बंदिस्त टाकीत गाळ खाली बसतो. मग आडव्या-उभ्या पडद्यांच्या टाक्यांतून पाणी खालीवर होत जातं आणि तिथले हवेविना जगणारे जिवाणू घाण खातात. त्यानंतर खडीचे उथळ वाफे, त्यांत कर्दळ आणि पाणकणीस. शेवटी एक उघडं तळं, जिथे ऊन आणि हवा लागते. जमिनीला उतार असला तर पाणी आपोआप पुढे सरकतं, फक्त शेवटी वर चढवायला पंप. तुमच्याकडे माळ वर आणि काळी जमीन खाली, म्हणजे उतार आयता आहे. पुदुच्चेरीजवळ थवळकुप्पमला अरविंद नेत्र रुग्णालय आहे, तिथे याच पद्धतीने सांडपाणी शुद्ध करून बागेला देतात. ऑरोव्हिलमध्येही असे वाफे पाहायला मिळतात. आपल्या हवेत ही पद्धत थंड देशांपेक्षा चांगली चालते, कारण जिवाणूंना ऊब लागते.

यालाही देखभाल आहेच. ठरलेल्या वेळी गाळ उपसावा लागतो, खडी तुंबली तर काढून धुवावी लागते. पण ते काम आपल्याकडचा साधा गवंडी आणि माळी करू शकतो. फ्लशला देण्याआधी वाळूची गाळणी आणि निर्जंतुकीकरण मात्र हवंच, त्यात काटकसर नको.

आणखी एक. काळ्या मातीत पाइप टाकताना चरात खाली-वर मुरूम भरून घ्या. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कडक सांध्यांचे पाइप दोन-तीन वर्षांत सांध्यातच तुटतात, चेंबर तिरके होतात. मग सांडपाणी जमिनीत आणि तिथून पिण्याच्या पाइपात. पाणी रोज येत नसलं की रिकामा पाइप बाहेरची घाण आत ओढतो. दोन्ही पाइप कधीही एका चरात नकोत. पिण्याचा वर, सांडपाण्याचा खाली, मधे अंतर.

सोलापूरची_लेक

मी जर्मनीत फ्रायबुर्गला राहते. इथल्या फाउबान भागाचं नाव अशा चर्चेत हमखास निघतं. माझ्या कामावर जायच्या वाटेवर तो भाग लागतो, म्हणून लिहिते.

तिथे फ्रेंच सैन्याची छावणी होती. १९९२ मध्ये सैन्य गेलं आणि शहराने ती सुमारे ४० हेक्टर जागा वसाहतीसाठी घेतली. आज तिथे साडेपाच हजारांच्या आसपास लोक राहतात. तुमच्या कामाची गोष्ट म्हणजे, बरीच घरं बिल्डरने बांधलेली नाहीत. राहायला येणाऱ्या कुटुंबांनीच गट केले, प्रत्येक गटाने आपला वास्तुविशारद नेमला आणि एकेक इमारत उभी केली. आराखडा होत असतानाच रहिवाशांची संघटना शहराशी वाद घालत होती. तुम्ही सहकारी पद्धतीने करताय ते त्याच्या फार जवळचं आहे.

गाड्या बहुतेक घरांच्या दारात उभ्या राहत नाहीत. वसाहतीच्या कडेला बहुमजली वाहनतळ आहेत, गाडी हवी असेल तर तिथली जागा वेगळे पैसे देऊन घ्यायची. गाडी न ठेवणाऱ्याला तसं लिहून द्यावं लागतं. त्यामुळे आतल्या रस्त्यांवर मुलं खेळतात. पण २००६ मध्ये ट्राम थेट तिथवर आली, हेही यासोबत सांगायला हवं. दारापाशी वाहतुकीची सोय झाली म्हणून लोकांना गाडीशिवाय जमतं.

पावसाचं पाणी तिथे बंद गटारात जात नाही. रस्त्याकडेच्या उघड्या पन्हळींतून गवताच्या उथळ चरांत जातं आणि मुरतं. हे उचलण्यासारखं आहे. घरांच्या जाड उष्णतारोधक भिंती आणि तीन काचांच्या खिडक्या मात्र जशाच्या तशा उचलू नका. तिथे लाकडाच्या चिपांवर चालणाऱ्या केंद्रातून घरं गरम करायला ऊब पुरवतात. आपल्याला नेमकं उलटं हवंय, घरातली उष्णता बाहेर कशी जाईल ते.

हिशेब_आधी

सोसायट्यांचे हिशेब तपासणं हा माझा व्यवसाय. जुळे सोलापूरकरांनी लिहिलं ते परदेशातही झालेलं आहे. लंडनच्या दक्षिणेला बेडझेड नावाची वसाहत २००२ मध्ये पूर्ण झाली, सुमारे १०० घरांची, जगभर गाजलेली. तिथलं लाकडाच्या चिपांवर वीज आणि ऊब देणारं केंद्र काही वर्षांतच बंद करावं लागलं. वनस्पतींच्या साहाय्याने सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणाही चालवायला महाग पडली म्हणून थांबवली. त्याच वसाहतीतली दक्षिणेकडची काचघरं आणि जाड भिंती आजही काम करतायत, कारण त्यांना चालवणारा माणूस लागत नाही. ड्रेनेजवाल्यांच्या वाफ्यांना माझा विरोध नाही, पण हा इतिहास समोर ठेवूनच मंजूर करा.

आता पैसे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) दुरुस्ती-देखभाल निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी, किमान ०.२५ टक्के. बहुतेक सोसायट्या पहिली काही वर्षं 'इमारत नवी आहे' म्हणून हे गोळाच करत नाहीत, किंवा नावापुरतं करतात. तुमच्याकडे इमारतीखेरीज पाइप, पंप, वाफे, तळं, रस्ते असं बरंच काही असेल. त्यासाठी घराच्या किमतीतूनच सुरुवातीला एक ठेव बाजूला काढा, वेगळ्या खात्यात, आणि तिला हात लावायला सर्वसाधारण सभेचा ठराव लागेल अशी अट घाला. चालवणाऱ्या माणसाचा पगार व्याजातून निघाला पाहिजे. तेवढी ठेव जमत नसेल तर यंत्रणा लहान करा.

सौर पॅनेलबद्दल तुम्ही म्हणता ते मला अर्धवटच पटतं. सामायिक पंप आणि दिव्यांसाठी ती पहिल्या दिवसापासून हवीत, कारण दरमहा येणारं वीजबिलच सभेत भांडणं लावतं. केंद्राच्या सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार रुपये अनुदान आहे. आपल्याकडच्या उन्हात एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट सहज देतो.

माळवद

इतक्या चर्चेत उन्हाबद्दल कोणीच लिहिलं नाही याचं आश्चर्य वाटलं. मे महिन्यात ४२-४४ अंशांत माणूस घरात बसू शकला नाही तर तो वातानुकूलन यंत्र लावणारच, आणि मग तुमची सगळी सौर वीज तिथे जाणार.

सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तरेला. मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, उभ्या काठीची सावली पडत नाही. म्हणजे ऐन उन्हाळ्यात सगळ्यात जास्त तापतं ते छत. आपले जुने लोक उगाच माळवदं बांधत नव्हते. लाकडी तुळया, त्यावर किलच्या, त्यावर पाला आणि वर वीतभर पांढऱ्या मातीचा थर. दुपारची धग त्या थरातून उतरेपर्यंत रात्र व्हायची, आणि रात्री माणसं वर झोपायची. आज माळवद घालणारे कारागीर मिळणं अवघड आणि दरवर्षी माती टाकणंही जमणार नाही, त्यामुळे तेच परत आणा असं मी म्हणत नाही. पण सहा इंची उघडा स्लॅब हा या गावात अन्याय आहे. स्लॅबवर चुन्याचा कोबा किंवा पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांचा थर घाला. पॅनेल हातभर उंच बसवली तर त्यांचीच सावली गच्चीला मिळते.

दुसरी गोष्ट घराची दिशा. लांब बाजू उत्तर-दक्षिण तोंडाच्या ठेवा. दक्षिणेची भिंत दोन फुटांच्या सज्ज्याने झाकता येते. पश्चिमेचं ऊन तिरपं घरात घुसतं, त्याला सज्जा पुरत नाही. त्या बाजूला जिना, न्हाणीघर, कपाटं टाका. भूखंड पाडतानाच हे करावं लागतं. रस्ते उत्तर-दक्षिण काढले तर निम्म्या घरांचं तोंड पश्चिमेला जाणार, आणि मग कितीही खर्च केला तरी ती घरं गार होणार नाहीत.

केगाव_देगाव

माळवदकाका, आमच्या आराखड्यात मुख्य रस्ते उत्तर-दक्षिणच आहेत. कारण विचारलं तेव्हा 'भूखंड जास्त बसतात' असं उत्तर मिळालं. आजच वास्तुविशारदांना कळवतो.

कुंभारीची_पोर

मी विडी कामगाराची मुलगी. कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत वाढले. दहा हजार घरं, २००६ ला घरकुलं मिळाली. आता शेजारीच रे नगर उभं राहिलंय, तीस हजार घरांचं, त्यातल्या पंधरा हजारांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ ला दिल्या. तुमच्या ४०० घरांसमोर ही आकडेवारी ठेवते, कारण शहराचं पाणी आणि शहराचं ऊन जिथं ठरणार ते अशा वसाहतींत.

तुमचं वाचून दोन गोष्टी सुचल्या. एक, आमच्या बायका घरातच काम करतात. आई दिवसभर उंबऱ्यात बसून विड्या वळायची, कारण आत उकडायचं आणि उजेड नसायचा. सावलीचा ओटा, समोर झाड, एवढं मिळालं तर तिचा दिवस वेगळा गेला असता. तुमच्या आराखड्यात प्रत्येक घराला सावलीतला ओटा ठेवा, वाहनतळाआधी.

दोन, तुमच्या वसाहतीत धुणंभांडी करायला, बाग राखायला, ते वाफे साफ करायला माणसं येणार. ती कुठून येणार? बसचा थांबा कुठंय? फाउबानसारख्या गाड्या दारात नको असतील तर बरोबर, पण मग फाटकाजवळ बस पाहिजे. काही घरं त्या लोकांसाठीच लहान काढली तर यंत्र चालवणारा माणूस पुण्याहून बोलवावा लागणार नाही. तिथलाच राहील.

जुळे_सोलापूर

ताई, हे पटलं. आमचं यंत्र बंद पडायचं अर्धं कारण हेच, चालवणारा पोरगा बारा किलोमीटरवरून सायकलनं यायचा. शेवटी त्याला जवळ काम मिळालं आणि तो गेला.

माळढोक

वरच्या मुरमाड माळाबद्दल माझी कळकळीची विनंती. तो 'पडीक' समजून त्यावर दाट झाडी लावू नका. सोलापूर जिल्ह्याचं खरं वैभव गवताळ माळ आहे. नान्नजला माळढोक अभयारण्य १९७९ पासून आहे ते या गवतामुळेच. चंडोल, धाविक, तितर या पक्ष्यांना झाडं नकोत, उघडं गवत हवं. काही एकर माळ तसाच राखा, पवना आणि डोंगरी गवत येऊ द्या, चराई बंद करा. त्या मुरमातून पाणीही चांगलं मुरतं.

झाडं रस्त्याकडेला आणि काळ्या मातीच्या बाजूला लावा. कडुनिंब, करंज, बहावा, आपटा, चिंच. गुलमोहर वादळात मोडतो आणि कोनोकार्पस हे परदेशी शोभेचं झाड तर लावूच नका. कारंज्याऐवजी आणि हिरवळीऐवजी हे करा, कारण हिरवळ उन्हाळ्यात रोज पाणी मागते आणि सावली देत नाही.

केगाव_देगाव

कारंजं रद्द करायला आमच्यातले काही जण तयार नाहीत. त्यांचं म्हणणं, पाणी दिसलं की माणसाला बरं वाटतं. मला त्यांची बाजूही समजते. सोलापूरकराला सिद्धेश्वर तलावाकाठी बसल्याशिवाय चैन पडत नाही.

ड्रेनेजवाला

मग तलावच करा की. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात तलाव खोदवला तो शोभेसाठी नव्हता, पाण्यासाठी होता. काळ्या मातीच्या खालच्या कोपऱ्यात, ओढ्याशेजारी, पावसाचं पाणी साठवायचं तळं घ्या. काळी माती पाणी धरून ठेवते, तिथे अस्तर फारसं लागणार नाही. शोषखड्डे मात्र काळ्या मातीत खणू नका, त्यातून पाणी झिरपत नाही. ते वरच्या मुरमात घ्या.

तळं पसरट करू नका. एप्रिल-मेमध्ये उघड्या पाण्याची पातळी नुसत्या उन्हाने रोज सेंटीमीटरभर खाली जाऊ शकते. खोल, आटोपशीर, पश्चिमेला झाडांची रांग. आणि ओढ्याला भिंती घालून अरुंद करू नका. ऑक्टोबर २०२० चा पाऊस आठवा. दोन्ही काठांवर मोकळी गवताळ जागा सोडा, त्यावर एकही घर नको, कितीही भूखंड गेले तरी.

हिशेब_आधी

ओढ्याकाठची मोकळी जागा नियमाप्रमाणे सोडाव्या लागणाऱ्या खुल्या क्षेत्रात धरता येईल का ते नगररचनेकडे विचारा. तसं झालं तर भूखंड फारसे कमी होणार नाहीत. पाऊसपाणी साठवणही राज्याच्या २०२० च्या विकास नियमावलीप्रमाणे ५०० चौरस मीटर आणि त्यापुढच्या भूखंडाला बंधनकारकच आहे. ते नावापुरता खड्डा खणून न उरकता या तळ्याला जोडून घ्या.

केगाव_देगाव

इथलं सगळं छापून रविवारच्या बैठकीत वाटतोय. मी पुढे मांडणार आहे ते असं: दुसरा पाइप आणि दुसरी टाकी प्रत्येक घराला. सांडपाण्यासाठी उताराची, जवळपास बिनविजेची पद्धत, आणि ती चालवणाऱ्याचं घर वसाहतीतच. देखभालीची ठेव घराच्या किमतीत. रस्त्यांची दिशा बदलणं. वरचा माळ राखणं. कारंज्याच्या जागी खालचं तळं. वाहनतळ फाटकाजवळ, पण बस सुरू होईपर्यंत म्हाताऱ्या माणसांसाठी दारापर्यंत रिक्षा येऊ देणं. प्रत्येक घराला सावलीचा ओटा.

यातलं रस्त्यांचं सगळ्यात अवघड जाईल, कारण त्यात साधारण तीस भूखंड कमी होतायत आणि त्याचा भार उरलेल्यांवर येतो. माळवदकाका, तुम्हाला जमत असेल तर बैठकीला याल का? पश्चिमेच्या घराचा मेमधला फरक तुम्ही सांगितलात तर लोक ऐकतील.

माळवद

येतो. तुमच्या ओळखीत कोणाचं पश्चिमेला तोंड असलेलं वरच्या मजल्यावरचं घर असेल तर दुपारी चारला बैठक तिथेच घ्या, पंखा बंद करून.

ड्रेनेजवाला

मीही येतो. त्याआधी जमिनीची पातळी मोजून समोच्च रेषांचा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा) नकाशा करून घ्या आणि माळावर, मधे आणि ओढ्याजवळ असे तीन ठिकाणी खड्डे खणून मुरूम किती फुटांवर लागतो ते लिहून ठेवा. नकाशा हातात असल्याशिवाय पाइपाची एकही रेघ ओढायची नाही.